येणं कधी बाकी असतं? आष्टी परिसरातल्या सावकारी कर्जाची गोष्ट

मंडळी, आष्टीचं नाव काढलं की १६ ऑगस्ट १९४२ आठवतो. आज आपण जरा मागे जाऊ. आष्टी तेव्हा आर्वी तहसिलीत, मध्यप्रांतात. कापसाचा मुलूख. बियाणं, बैल, लग्न, सगळं सावकाराच्या उधारीवर. मग १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले. कर्जाचा आकडा तोच राहिला, पण तेवढे रुपये हाती यायला कापूस कितीतरी जास्त विकावा लागू लागला.

आता प्रश्न असा, की हे येणं बाकी आहे, हे ठरवायचं कुणी? सावकार म्हणे वही. न्यायालय म्हणे मुदत. साध्या कर्जाला तीन वर्षं, १९०८ च्या कायद्यात होती आणि १९६३ च्या कायद्यातही आहेत. तीन वर्षांत दावा केला नाही, की कोर्टाचं दार बंद. म्हणून मुदत संपत आली की सावकार नवा कागद करून घेई. थकलेलं व्याज मुद्दलात, खाली कुळाचा अंगठा. म्हणजे कुळाला दिलासा द्यायला आलेल्या मुदतीनंच कर्ज फुगवलं! आम्हाला यात सावकाराच्या लबाडीइतकाच कायद्याचा भाबडेपणाही दिसतो.

आणि एक ध्यानात घ्या. मुदत गेली म्हणून कर्ज मरत नाही, फक्त दावा मरतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन कुणी लेखी, सहीनिशी दिलं, तर ते वचन बांधतं. बापाचं देणं मुलानं फेडायचं, ही तर आपल्याकडची जुनी जाणीव.

मध्यप्रांतानं १९३३ साली कर्ज तडजोडीचा कायदा केला. कुळानं अर्ज केला की मंडळ सावकाराला सांगे, मुदतीत येणं लिहून दे. नाही दिलं, तर ते कर्ज फिटलं असं धरायचं! इथे पहिल्यांदा गप्प बसणं सावकाराला महागात पडू लागलं. उलट तडजोड झाली आणि कुळानं हप्ता चुकवला, तर ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येई. म्हणजे वसुलीला सरकारी यंत्रणाच. डिक्री घेऊन दरखास्त, मग जप्ती, ही वाट त्यामानानं लांबची, आणि शेतकऱ्याची नांगर-अवजारं आणि शेतीला लागणारे बैल दिवाणी कायद्यानं जप्तीतून वगळलेले.

कुणाच्या माळ्यावर जुना कर्जरोखा निघाला, तर आकडा नंतर बघा, आधी तो उलटून बघा. भरणा बहुतेक मागच्या बाजूला लिहीत. मुदत संपण्याआधी दिलेले चार रुपये देणाऱ्याच्या हातचे किंवा सहीचे तिथे नोंदलेले असले, तर तीन वर्षं त्या तारखेपासून नव्यानं मोजली जात.