नैराश्यावरील ऑनलाइन द्वैभाषिक मानसोपचार (छत्रपती संभाजीनगर)

मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित समुपदेशकाने नैराश्यग्रस्त व्यक्तीवर फोन अथवा व्हिडिओ कॉलवरून, रुग्णाच्या सोयीप्रमाणे दोन भाषा वापरून केलेला उपचार. ही उपचार पोचवण्याची रीत आहे. प्रत्यक्ष उपचारपद्धती कोणतीही असू शकते. छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) मराठी–हिंदी, मराठी–उर्दू आणि मराठी–इंग्रजी अशा भाषांच्या जोड्या नेहमीच्या वापरात आहेत. ऑनलाइन सोयीमुळे डॉक्टरपर्यंतचे अंतर मिटते. मोकळेपणाने बोलायला जागा आणि मनातले सांगायला भाषा मिळणे हे प्रश्न मात्र उरतात आणि सेवेचा दर्जा त्यांवरच ठरतो.

पार्श्वभूमी : निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्यात होते. संस्थान भारतात विलीन झाल्यावर १९५३ मध्ये ते हैदराबादच्या एर्रागड्डा भागात हलवले गेले. त्यानंतर मराठवाड्यात मोठे सरकारी मनोरुग्णालय राहिले नाही. महाराष्ट्राची चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. त्यांतले सर्वांत जवळचे येरवडाही संभाजीनगरापासून सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. जालन्यात पुन्हा मनोरुग्णालय उभारण्याला राज्य शासनाने अलीकडे मंजुरी दिली. दरम्यानच्या काळात या भागातील रुग्णांचा मुख्य आधार राहिला तो शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाचा. १९५६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था मराठवाडाभर ‘घाटी’ याच नावाने ओळखली जाते.

नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागत नाही. त्यांना आठवड्या-पंधरवड्याने तज्ज्ञाशी बोलणे, गरजेप्रमाणे औषध आणि काही महिन्यांचा पाठपुरावा लागतो. तोही बहुसंख्यांना मिळत नाही. निम्हान्स (बेंगळुरू) या संस्थेने २०१५–१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात पाहणीच्या वेळी नैराश्य असलेल्या प्रौढांचे प्रमाण २.७ टक्के, तर आयुष्यात कधीतरी ते झालेल्यांचे प्रमाण ५.२ टक्के आढळले. नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के लोक उपचाराबाहेर होते. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी उपचाराविना राहणाऱ्यांचे हे प्रमाण देशभराच्या नियोजनात आधारभूत मानले जाते.

शहराची रचना : २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका हद्दीची लोकसंख्या ११,७५,११६ होती. जुने शहर ऐतिहासिक वेशीच्या दरवाजांच्या आत आणि आसपास आहे. छावणी, सिडको-हडकोच्या वसाहती, सातारा-देवळाई आणि बीड बायपासलगतची नवी वस्ती त्याच्या भोवती पसरली. पश्चिमेला वाळूज आणि पूर्वेला चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींनी शहर दोन्ही बाजूंना ताणले गेले. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ चा. त्याच्या अवतीभोवती बजाजनगर, पंढरपूर अशी कामगारवस्ती वाढली. पाळीत काम करणाऱ्याला सकाळच्या ओपीडीसाठी घाटी गाठायची तर दिवसाचा रोज बुडतो किंवा सुटी टाकावी लागते, आणि सुटीचे कारण विचारले जाते. मानसोपचार एका भेटीत संपत नसल्याने ही अडचण दर फेरीला नव्याने येते. रात्रपाळी करणाऱ्याला दुपारी, घरी मुले शाळेत असतानाच्या वेळेत, अर्ध्या-पाऊण तासाचे सत्र मिळणे हा ऑनलाइन पद्धतीचा इथला मोठा लाभ आहे.

दुसरा वर्ग विद्यार्थ्यांचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९५८, नामविस्तार १९९४), महाविद्यालये आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्या यांसाठी बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची मुले-मुली शहरात खोली करून राहतात. सुटीत गावी गेल्यावर प्रत्यक्ष उपचार तुटतो. फोनवरचा चालू राहू शकतो.

भाषेचा प्रश्न : नैराश्याची तक्रार क्वचितच ‘नैराश्य’ म्हणून येते. करमत नाही, कशात मन लागत नाही, डोके जड होते, हातपाय गळून जातात, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो अशा शब्दांत ती येते. शहागंज किंवा रोशन गेट भागातील रुग्ण दखनी वळणाच्या उर्दूत ‘दिल नहीं लगता’, ‘घबराहट होती’ असे सांगेल. इंग्रजी माध्यमात शिकलेली मुलगी स्वतःविषयी इंग्रजीत बोलेल आणि आईविषयी मराठीत. शरीराच्या तक्रारी शब्दशः घेणारा तज्ज्ञ मूळ आजार हुकवू शकतो, तर केवळ प्रमाण भाषेत विचारणाऱ्यापुढे रुग्ण सावरून, बेतून उत्तरे देतो.

म्हणून द्वैभाषिक सत्रात तज्ज्ञ सुरुवातीलाच कोणत्या भाषेत बोलणे सोपे जाईल हे विचारतो आणि रुग्ण भाषा बदलेल तिथे आपणही बदलतो. हा बदल स्वतःच माहिती देतो. लहानपणीची भीती, अपमान, घरातील भांडण यांची आठवण बहुधा पहिल्या भाषेत अधिक तीव्रतेने उमटते. दुसऱ्या भाषेत तेच थोड्या अलिप्तपणे मांडता येते. लैंगिक तक्रार किंवा आत्महत्येचा विचार मातृभाषेत उच्चारायला संकोच वाटणारे अनेक जण तो भाग हिंदीत वा इंग्रजीत सांगतात. नवरा, मुलगा किंवा सासू यांना दुभाषी म्हणून बसवणे टाळले जाते. त्यामुळे रुग्णाचे बोलणे गाळले जाते आणि गुप्तताही राहत नाही.

नैराश्याची तीव्रता मोजण्यासाठी ‘पीएचक्यू-९’ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात. तिचे गुण ० ते २७ असतात. १० किंवा अधिक गुण आल्यास सविस्तर तपासणी करतात. २० पासून पुढचे गुण तीव्र नैराश्य दर्शवतात. शेवटचा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असल्याने एकूण गुण कमी असले तरी त्याचे उत्तर वेगळे पाहिले जाते. प्रश्नावली मराठी, हिंदी व उर्दूत उपलब्ध आहे. फोनवर ती वाचून दाखवताना ‘गेल्या दोन आठवड्यांत’ ही मुदत पुन्हा पुन्हा सांगावी लागते.

उपलब्ध सेवा : महाराष्ट्रात दूरध्वनीवरील मराठी समुपदेशनाची परंपरा ऑनलाइन युगाआधीची आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने (आयपीएच) ‘मैत्र’ ही हेल्पलाइन चालवली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ सेवा २०१२ मध्ये मुंबईत सुरू झाली. ती फोन आणि ईमेलवर मराठीसह अनेक भाषांत चालते. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशा कार्यकर्तींनी घरोघरी केलेली विचारपूस आणि १०४ क्रमांकावरील समुपदेशन ही त्याची दोन अंगे. एप्रिल २०२० च्या टाळेबंदीत मुंबई महापालिका आणि ‘एमपॉवर’ यांनी मराठी, हिंदी व इंग्रजीतून चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन उघडली.

सध्याची सर्वांत व्यापक सेवा केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही आहे. २०२२–२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली ही योजना १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. तिचे शिखर केंद्र निम्हान्स असून तंत्रज्ञानाची बाजू बेंगळुरूची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था पाहते. १४४१६ किंवा १८००-८९-१४४१६ या मोफत क्रमांकांवर चोवीस तास फोन करता येतो आणि भाषा निवडता येते. पहिला फोन राज्य कक्षातील प्रशिक्षित समुपदेशक घेतो. गरज वाटल्यास तो मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे पाठवतो. यांखेरीज खाजगी मनोविकारतज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञही व्हिडिओवर सत्रे घेतात. त्यांच्याकडे पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेले आणि परदेशात स्थायिक झालेले मराठी रुग्णही येतात. परदेशातील रुग्णाबाबत त्या देशाचा परवान्याचा नियम वेगळा असू शकतो.

उपचाराचा आशय : ऑनलाइन सत्रांत बोधनिक वर्तनोपचार (सीबीटी), वर्तन-सक्रियता आणि विवेकनिष्ठ मानसोपचार (आरईबीटी) या पद्धती विशेष वापरल्या जातात, कारण त्यांची रचना ठरीव असते आणि दोन सत्रांमध्ये करायचा गृहपाठ लेखी देता येतो. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे आणि अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे मराठी वाचकांना आधीपासून परिचित आहे.

मराठीभाषक परिसराला लागू पडणारा जवळचा पुरावा गोव्याचा आहे. ‘संगत’ संस्थेने तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतलेल्या चाचणीत पदवीधर तज्ज्ञांऐवजी गावपातळीवरील प्रशिक्षित समुपदेशकांनी वर्तन-सक्रियतेची सहा ते आठ सत्रे दिली. नेहमीच्या उपचाराच्या तुलनेत तीव्र नैराश्यातही त्यांचा लाभ दिसला. निष्कर्ष ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. रुग्णाच्या बोलीत बोलणारा, नीट प्रशिक्षित आणि देखरेखीखाली काम करणारा समुपदेशक परिणामकारक ठरू शकतो, हा त्याचा अर्थ. मात्र ती सत्रे मुख्यतः समोरासमोर झाली होती. इंटरनेटवरील सीबीटीच्या अन्य देशांतील चाचण्यांत मार्गदर्शक सोबत असेल तर सौम्य ते मध्यम नैराश्यात गुण चांगला येतो. केवळ अ‍ॅपवर सोडून दिल्यास बरेच जण मध्येच थांबतात.

कायदा व नियम : २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीकृत डॉक्टरला दूरस्थ सल्ला व औषध देण्याची मुभा दिली. कोणते औषध पहिल्याच भेटीत लिहायचे, कशासाठी व्हिडिओ आवश्यक आणि काय लिहायचेच नाही, याच्या याद्या त्यांत आहेत. अमली पदार्थ कायद्याखालील आणि परिशिष्ट ‘एक्स’मधील औषधे वर्ज्य आहेत. मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक औषध लिहू शकत नाहीत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. रुग्णाने ती विचारून घेणे योग्य. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ (अंमल २९ मे २०१८ पासून) उपचाराचा हक्क व गुप्तता मान्य करतो, मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणे विमासंरक्षण देण्यास सांगतो आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरतो.

मर्यादा : दोन खोल्यांच्या घरात व्हिडिओ सत्रासाठी एकांत मिळत नाही. रुग्ण गच्चीवर, जिन्यात किंवा उभ्या दुचाकीपाशी बसून बोलतात. अचानक कुणी आल्यास विषय बदलण्यासाठी तज्ज्ञाशी आधीच एखादा शब्द ठरवून ठेवतात. घरात एकच स्मार्टफोन असेल तर कॉलची नोंद आणि संदेश इतरांच्या हाती लागतात. याचा फटका प्रामुख्याने स्त्रियांना बसतो. नैराश्याचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांपेक्षा सुमारे दीडपट असल्याने ही त्रुटी किरकोळ नाही. पडद्यावर चेहरा दिसतो, पण चाल, वजनातील घट आणि अस्वच्छ कपडे दिसत नाहीत. थायरॉइडचा विकार किंवा रक्तक्षय यांमुळे तशीच लक्षणे दिसत असतील तर रक्ततपासणीला पर्याय नाही. भ्रम, अन्नपाणी सोडणे, बाळंतपणानंतरचे तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येची ठरवलेली योजना असेल तेव्हा ऑनलाइन सत्र पुरेसे मानत नाहीत. त्यासाठीच जबाबदार तज्ज्ञ प्रत्येक सत्राच्या आरंभी रुग्ण त्या क्षणी कुठे आहे आणि जवळचे कोण, हे नोंदवून ठेवतो. धोका दिसताच १०८ ची रुग्णवाहिका, नातेवाईक आणि घाटीचा अपघात विभाग यांच्याशी संपर्क साधता येईल अशी तयारी नसलेली सेवा, तिची भाषा कितीही आपली असली तरी, नैराश्याच्या उपचारासाठी अपुरी ठरते.