स्वस्त भयपटांचे पुनर्निर्माण : एक इतिहासविषयक प्रश्न

जुन्या स्वस्त हिंदी भयपटांचे रूप पुन्हा उभे करावयाचे झाल्यास नेमके कशाचे अनुकरण करावयाचे, हा प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही.

या परंपरेचे प्रमुख कर्ते रामसे बंधू होत. फाळणीनंतर कराचीहून मुंबईस आलेल्या, मूळच्या रेडिओ-व्यापारी एफ. यू. रामसे यांचे हे सात पुत्र. ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ (१९७०) हा चित्रपट पडला. परंतु त्यातील मुखवटाधारी पृथ्वीराज कपूरांच्या चोरीच्या प्रसंगाने प्रेक्षक थरारतात, हे मुलांनी हेरले. त्यातून ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) निर्माण झाला. महाबळेश्वरच्या विश्रामगृहात मुक्काम, आणि दिग्दर्शन, छायालेखन, ध्वनिलेखन सारे घरातच. नेपथ्य बांधणे परवडत नसल्याने खरे वाडे घ्यावयाचे आणि दिव्यांवर तांबडे-निळे जिलेटिन लावून त्यांचे रूप पालटावयाचे, ही या चित्रपटांची रीत होती. म्हणजे ज्याला आज शैली म्हणतात, ती मुख्यतः काटकसर होती.

येथे एक भेद करणे अवश्य आहे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) पहिल्या आठवड्यात पाहणाऱ्यास नवी, गडद रंगांची प्रत दिसे. ओरखडे, विटलेला रंग व फुटका आवाज हे पुढील वापराचे आणि व्हिडिओ-नकलांचे देणे होय. अमेरिकेतील ‘ग्राइंडहाउस’ने (२००७) हे ओरखडे कृत्रिमरीत्या उमटविले. ती प्रतीच्या झिजेची नक्कल झाली, निर्मितीची नव्हे.

अशिम अहलुवालिया यांच्या ‘मिस लव्हली’ची (२०१२) वाट निराळी आहे. रामसेंच्याही खालच्या थरातील, १९८०नंतरच्या मुंबईतील भय-कामुकपटांच्या धंद्यावर त्यांना माहितीपट करावयाचा होता. परिनिरीक्षणानंतर चित्रगृहात चोरून ‘बिट’ जोडले जाणाऱ्या या धंद्यातील माणसे कॅमेऱ्यापुढे येईनात, म्हणून कथापट झाला. तो फिल्मवरच चित्रित केला गेला. त्याच्या कलानिर्देशनास राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. कोंदट खोल्या, उसना झगमगाट, भिंतींचा रंग यांत तो विलक्षण अचूक आहे. मात्र त्याची रेंगाळणारी गती मूळ धंद्याच्या घाईशी जुळत नाही. चार दिवसांचे काम दोन दिवसांत उरकणाऱ्यास रेंगाळणे कोठून परवडणार? तरीही ज्यांनी स्वतःची कागदपत्रे मागे ठेवली नाहीत, त्यांच्या कार्यशाळेचे इतके सविस्तर चित्र दुसरीकडे सहसा आढळत नाही. त्याचा साधन म्हणून उपयोग करताना वस्तू आणि गती यांची साक्ष वेगवेगळी तपासली पाहिजे.