औंध संस्थान : विखुरलेल्या भूप्रदेशातील ग्रामस्वराज्याचा प्रयोग

प्रस्तावना :
प्रशांत महासागरातील किरिबाती हे १९७९ मध्ये स्वतंत्र झालेले राष्ट्र ३३ बेटांचे असून ही बेटे अफाट सागरी क्षेत्रात विखुरलेली आहेत. अशा प्रदेशात एका केंद्रातून कारभार कसा चालवावा, हा प्रश्न कायम राहतो. सातारा-सांगली परिसरातील औंध संस्थानापुढेही हाच प्रश्न होता. फरक इतकाच की येथे गावांच्या मध्ये समुद्र नव्हता, तर परकी हद्द होती. या प्रश्नाला औंधने दिलेल्या उत्तराचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

स्थान व विस्तार :
छत्रपतींच्या राज्यातील प्रतिनिधी घराण्याकडे असलेली ही जहागीर १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ब्रिटिशांच्या थेट अधिसत्तेखाली आली. संस्थानाचे क्षेत्रफळ ५०१ चौरस मैल व १९३१ ची लोकसंख्या ७६,५०७ होती. औंध, आटपाडी, कुंडल व गुणदाळ या चार तालुक्यांत ७२ गावे होती. आज औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकात आहे. एका तालुक्यातून दुसऱ्यात जाताना परक्या हद्दीतून जावे लागे.

स्वराज्याचा प्रयोग :
१९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळ जागा देऊन किर्लोस्करवाडीच्या उभारणीस साहाय्य केले. १९३८ च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभाराचे अधिकार प्रजेस देण्याची घोषणा केली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली मॉरिस फ्रीडमन व राजपुत्र आप्पासाहेब पंत यांच्या सहभागाने तयार झालेली राज्यघटना जानेवारी १९३९ मध्ये अमलात आली. गावाने निवडलेली पंचायत हा तिचा पाया. त्यावर तालुका समिती व शेवटी विधिमंडळ अशी रचना होती. गावातील तंटेही पंचायतीपुढे येत. राजधानीपासून दूर असलेल्या गावांना न्यायासाठी हद्दी ओलांडाव्या लागू नयेत, हा तिचा प्रत्यक्ष लाभ होय.

याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. या कल्पनेवर आधारलेला व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ मध्ये आला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर यांचा जन्म आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथील. १९४३ नंतरच्या प्रतिसरकारच्या चळवळीतही कुंडल हे महत्त्वाचे केंद्र ठरले.

मर्यादा :
या स्वराज्यास राजाच्या औदार्याचा आधार होता. त्यास बाहेरील कोणत्याही कायद्याचे संरक्षण नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याबरोबर ही घटनाही संपुष्टात आली. ज्या पंचायतींनी नऊ वर्षे कारभार केला, त्यांचे अधिकार टिकविण्याची तरतूद विलीनीकरणात नव्हती. ग्रामपंचायतींना घटनात्मक दर्जा मिळण्यास १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीची वाट पाहावी लागली.

निष्कर्ष :
१) प्रदेश विखुरलेला असल्यामुळे औंधमध्ये सत्तेचे विकेंद्रीकरण ही केवळ आदर्शवादी कल्पना न राहता प्रशासकीय गरजही होती.
२) संस्थान लहान असल्यामुळे हा प्रयोग शक्य झाला, परंतु त्याच लहानपणामुळे तो मोठ्या राजकीय बदलात टिकू शकला नाही.
३) वरून दिलेले अधिकार वरूनच नाहीसे होऊ शकतात. म्हणून स्थानिक स्वराज्यास लोकसहभागाइतकीच कायद्याच्या हमीची आवश्यकता असते, हा औंधच्या इतिहासाचा बोध होय.