शंका विचारणारा श्रोता

मालवणच्या बाजूला देवळात पुराण ऐकलेल्या माणसाला वेगळे सांगायला नको. बुवा सांगत असतात, मंडळी माना डोलावीत असतात, आणि मध्येच खांबाला टेकलेला एखादा म्हातारा विचारतो, “ह्यां कसां ओ?” मग बुवांना थांबावे लागते. तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यातल्या साष्टीत, चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज जेझुइट पाद्रीने अशीच बैठक आपल्या ग्रंथात मांडली. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ ते हेच. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या, १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या, आणि त्याही रोमन लिपीत.

स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१९ साली तेथेच वारले. त्यांनी केलेली मराठीची स्तुती आपल्याला पाठ असते. पण तिच्यापाशी थांबून आपण पुढचे पान काही उलटीत नाही.

ग्रंथाच्या आरंभीच एक ब्राह्मण श्रोता विचारतो: आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे पुराण का देत नाही? प्रश्न साधा दिसतो खरा. पण हुकमाने कथा काढून घेता येतात, मन त्यामुळे भरत नाही, हे त्यात आलेच. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नाशियस लोयोला यांनी साधकाला मनाच्या तीन शक्ती राबवायला सांगितल्या आहेत: स्मरण, बुद्धी आणि इच्छा. आधी आठवावे, मग विचार करावा, तेव्हा कुठे इच्छा वळते. स्टीफन्सनी नेमके हेच केले, असे मला वाटते. ओवीने स्मरणाची सोय झाली, शंकासमाधानाने बुद्धीची.

राज्यकर्त्यांना मात्र इतका धीर कुठला! १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. १५८३ साली कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले, आणि पोर्तुगीजांनी त्याचा सूड घेतला. त्याच साष्टीत हा पाद्री लोकांच्या बुद्धीशी बोलू पाहत होता. आता तुम्ही म्हणाल, शंका विचारणारा श्रोताही पाद्रींच्याच लेखणीतला! बरोबर आहे. ‘मला पटत नाही’ म्हणून उठून जायचे, तर खऱ्या श्रोत्याला सरहद्द ओलांडावी लागे. आणि पुष्कळांनी ती ओलांडली.

पुढे १६८४ साली पोर्तुगीजांनी लोकांच्या बोलीवरच बंदी घातली. सतराव्या शतकातल्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. पुराण तगले ते लोकांनी हाताने उतरून घेतलेल्या नकलांत. त्यांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्डान्हा यांनी ते पुन्हा छापले, तेही रोमन लिपीतच. पुण्याच्या शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणले, ते १९५६ साली. खाडीअलीकडच्या वाचकाला आपल्या लिपीत तो छापील ग्रंथ वाचायला मिळेपर्यंत तीनशे चाळीस वर्षे गेली.