सातारा ते लंडन
मुंबईहून लंडन आकाशमार्गे सुमारे ७,२०० किलोमीटर. आजचे विमान हे अंतर साधारण साडेनऊ-दहा तासांत कापते. सातारा-सांगलीकडील तरुणही शिक्षणार्थ याच वाटेने जातात. त्यांस निरोप देताना आम्हांस रंगो बापूजी गुप्ते आठवतात. १८३९ साली इंग्रजांनी पदच्युत केलेल्या छत्रपती प्रतापसिंहांची दाद मागण्यास ते जहाजाने लंडनास गेले व १८५३ पर्यंत तेथेच झगडत राहिले. मध्यंतरी, १८४७ साली, महाराज काशीस निवर्तले. १८४८ साली राज्यही खालसा झाले. रंगो बापूजी रित्या हाताने परतले. या विलंबाचे खापर आम्ही समुद्रावर फोडणार नाही. प्रवासास फार तर महिने लागले. वर्षे गेली ती न्यायाच्या दारी तिष्ठण्यात.