गावात परिचारिका का टिकत नाहीत?

भोर तालुक्यातील आंबवडेसारख्या डोंगराळ भागातल्या गावात रात्री-अपरात्री कुणाला कळा सुरू झाल्या, तर आधी आठवते ती परिचारिका. तिची भरती करणे हे एक काम आणि तिला तिथे टिकवणे हे दुसरे, त्याहून अवघड.

निकष काय आहे?
सपाट भागात ५,०००, तर डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असावे लागते. लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, गृहभेटी आणि नोंदी ही कामे तिथली एएनएम करते. तिचे पद रिकामे राहिले, की शेजारच्या उपकेंद्रातील एएनएमवर दोन्हीकडचा भार येतो.

त्या का जातात?
राष्ट्रीय आरोग्य अभियानातील अनेक पदे कंत्राटी आहेत. कायम नोकरी मिळाली, की परिचारिका तिकडे जाते. मुख्यालयी राहावे अशी अपेक्षा असते. पण क्वार्टर गळके असेल, पाणी नसेल, मुलांची शाळा लांब असेल, तर ती राहणार कशी? मे २०२२ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरोधात संप केला, त्यामागेही नोकरीच्या सुरक्षिततेचाच प्रश्न होता.

उपाय काय?
जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्रामीण आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. ग्रामीण भागातील मुलामुलींना प्रशिक्षणात प्रवेश, राहण्याची चांगली सोय, सुरक्षित कामाची जागा, आर्थिक लाभ आणि बढतीची संधी हे सगळे एकत्र द्यावे, असे त्यात सुचवले आहे. नुसता जादा भत्ता पुरत नाही.

म्हणून ग्रामसभेत ‘पद भरले का?’ एवढेच विचारू नका. ‘क्वार्टर राहण्याजोगे आहे का?’ हेही विचारा.