आधी फौज, मग पर्यटक

दापोलीला आमच्याकडची जुनी माणसं अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी तिथली हवा बघून छावणी टाकली, पुढे पेन्शनर शिपाई वस्तीला आले. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ तिथेच होते. आता त्याच टेकाडांवर ‘मिनी महाबळेश्वर’च्या पाट्या आणि रिसॉर्टं. रत्नागिरीत भूगोल शिकवताना मी वर्गात हे हमखास सांगायची, की थंड हवेच्या ठिकाणाच्या मुळाशी बरेचदा छावणी असते. गुलमर्गचा इतिहास वाचला तेव्हा तर हे पुरतं पटलं.

गुलमर्ग साडेआठ हजार फुटांवर. तिथलं नेडूज हॉटेल १८८८ सालचं. पण साहेब तिथे यायचा तो उन्हाळ्यात, गोल्फ खेळायला. बर्फ पडला की तो खाली उतरायचा. या रिकाम्या हिवाळ्याचा उपयोग सुचला तो दोन ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांना. १९२७ साली त्यांनी ‘स्की क्लब ऑफ इंडिया’ काढला. स्की हे नॉर्वेतल्या शेतकऱ्यांचं बर्फातून चालण्याचं साधन तोवर युरोपात श्रीमंतांचा खेळ झालं होतं. आर्नल्ड लन या इंग्रजाने १९२२ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युरेनला काठ्यांमधून वळणं घेत उतरण्याची, म्हणजे आजच्या स्लॅलमची, शर्यत बसवली होती. तेच वारं इथे आलं. क्लब साहेबांचा, साहेबांपुरता. ते गेले आणि तोही आटोपला. गुलमर्गची माहितीपत्रकं या क्लबापासून सुरुवात करून थेट ‘बॉबी’ सिनेमातल्या झोपडीवर येतात, मधलं सगळं गाळून. मला खरी सुरुवात मधलीच वाटते.

काश्मीरच्या युद्धात १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांनी झोजीला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, स्टुअर्ट रणगाडे चढवले आणि लडाखची वाट मोकळी केली. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण त्या लढाईने हेही दाखवलं, की आता हिवाळा काढायचा तर बर्फात वावरणारा शिपाई हवा. पुढच्याच महिन्यात थिमय्यांच्या १९ व्या इन्फन्ट्री डिव्हिजनची स्की शाळा गुलमर्गला सुरू झाली. १९६२ मध्ये तिचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. १९७८ ला सियाचिनवर मोहीम नेणारे कर्नल नरेंद्र कुमार याच शाळेचे प्रमुख. १९८४ ला फौज सियाचिनवर चढली, तिच्यामागे ही तयारी होती.

माझा खेडचा मावसभाऊ पलटणीतून या शाळेत कोर्सला गेला होता. समुद्राकाठचा गडी, बर्फ पाहिला तो मिरकरवाड्याच्या मासळीवरचा. सुट्टीत आला की म्हणायचा, “ताई, घसरत खाली यायला कोणीही शिकेल. तिथे वर चढायला शिकवतात.” चढायचं कसं, तेही त्याने ओसरीवर दाखवलं होतं. स्कीच्या तळाला लांब केसाळ पट्टी चिकटवायची. केस सगळे मागच्या बाजूला झोपलेले. पाय पुढे सरकवला की पट्टी गुळगुळीत जाते, मागे घसरू लागला की केस उभे राहून बर्फाला धरतात. पूर्वी ही पट्टी सीलच्या कातड्याची असे, म्हणून अजून तिला ‘स्किन’च म्हणतात. चढताना बुटाची टाच मोकळी, उतरताना जखडलेली. पाठीवर ओझं घेऊन असं तासन्‌तास. त्याच उतारांवर, खिलनमर्गला, ८ फेब्रुवारी २०१० रोजी हिमकडा कोसळून या शाळेचे १७ जवान गेले. माहितीपत्रकात हेही नसतं.

नागरिकांसाठी सरकारने साठच्या दशकाच्या शेवटी स्कीइंग आणि गिर्यारोहणाची संस्था काढली. रोपवेचं काम ऐंशीच्या दशकात सुरू झालं, दहशतवादात रखडलं. आपली मराठी मंडळी तेव्हा काश्मीर सोडून मनालीला वळली. वाटेतल्या दुकानात भाड्याचे कोट, भाड्याचे गमबूट, रोहतांगवर फोटो आणि परत.

मग आलं १९९८. त्या वर्षी गुलमर्गचा तो रखडलेला रोपवे, म्हणजे गंडोला, कोंगदोरीपर्यंत चालू झाला. स्नोबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये, जपानच्या नागानोत, खेळलं गेलं. आणि कोकण रेल्वे पूर्ण झाली. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काही नाही, पण रत्नागिरीचा माणूस मंगला एक्स्प्रेसने थेट दिल्लीला उतरू लागला तो तेव्हापासून. २००५ मध्ये गंडोलाचा दुसरा टप्पा वरच्या अफरवात डोंगराच्या अंगावर, १३,००० फुटांच्या आसपास पोचला. मग जगभरचे स्कीवाले आणि स्नोबोर्डवाले आले. चढाईचे कष्ट गेले, उरला फक्त उतार, आणि तेव्हा कुठे गुलमर्गचं रिसॉर्ट झालं.

मी गेले ती त्यानंतर. आमच्या बसमधल्या बहुतेकांनी स्लेज घेतली. चाळीस-पन्नाशीची धडधाकट माणसं फळीवर बसलेली आणि एक काश्मिरी दोरी कमरेला लावून ओढतोय. मला ते बघवलं नाही. पोटाचा प्रश्न आहे हे कळतं, तरी नाही. त्याच गुलमर्गमध्ये स्कीचं दुकान चालवणाऱ्याचा मुलगा, आरिफ खान, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला. हा क्रमांक मामुली वाटला, तर त्याच्यामागे किती थोडी साधनं होती तेही बघावं.

आता बर्फाचाच भरवसा उरलेला नाही. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तिथला बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांवर अवलंबून. ते झंझावात रुसले आणि २०२४ चा जानेवारी गुलमर्गने जवळजवळ कोरडा काढला.

म्हणून जायचं असेल तर लवकर जा. आणि मुलांना स्लेजवर बसवू नका. तिथल्याच एखाद्या प्रशिक्षकाला चार दिवसांचे पैसे द्या आणि पोरांना स्की बांधून उभं करा. दोरी ओढण्यापेक्षा शिकवण्याचा रोजगार त्यालाही बरा.